माशी कुणाला आढळली

दस्तगीर, तुझ्या जाण्यानं कीटकशास्त्राची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे.

हे वाक्य मी आमच्या निसर्ग अभ्यास मंडळाच्या शोकसभांत इतक्या वेळा ऐकलंय की सतरंजी घालणाऱ्या गड्यालाही ते पाठ असावं. नाव आणि शास्त्र तेवढं बदलायचं. तुझ्या बाबतीत अडचण एवढीच, की तू होतास हे कीटकशास्त्राला ठाऊकच नव्हतं. तेव्हा आपली हानी झालीय हे त्याला कळायला जरा वेळ लागेल. आणि ठाऊक नव्हतं याला कारण मी आहे. ते सांगायला गेल्या शुक्रवारपासून टेबलाशी बसतोय. बसतो, दोन ओळी लिहितो, उठून गॅलरीत जातो, येतो, त्या दोन ओळी खोडतो. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तर, जागेवर बसा, माशा उडत्यात.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा आणि तू बिंदू चौकाजवळच्या बोळात घड्याळं दुरुस्त करणारा. आपली ओळख एका कुलपामुळे झाली. आमच्या विभागाला नवा सूक्ष्मदर्शक आला होता. त्याचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, यंत्राला हार घातला, हाराचं पाणी यंत्रात गेलं, भाषणं झाली आणि यंत्र कपाटात गेलं. किल्ली विभागप्रमुखांकडे. विद्यार्थ्यांनी हात लावला तर ते बिघडेल, अशी त्यांना भीती होती. आम्ही लावला तर ते सुरू होईल, अशीही असावी. माझ्या काड्यापेटीत कळंब्याच्या तळ्यावर धरलेली एक माशी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, राखी रंगाची. ती बघायला मला भिंग हवं होतं. घड्याळजीच्या डोळ्याला भिंग असतं एवढ्या ज्ञानावर मी तुझ्या दुकानाची पायरी चढलो.

तू हातातलं घड्याळ पेल्याखाली झाकून ठेवलंस, चिमट्यानं माशी काचेवर घेतलीस, भिंग डोळ्यात बसवलंस आणि काच सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलीस. मग म्हणालास, “मास्तर, ह्येला मिशा हायत की.”

दरोडेखोर माशीची तीच तर ओळख. तोंडावर राठ केसांचा झुबका, दोन डोळ्यांच्या मधे खोल खाच, पाठीला बाक आणि खाली सुरीसारखी सोंड. उडता किडा हवेत धरायचा, सोंड खुपसायची, आतलं विरघळवून पिऊन टाकायचं आणि साल फेकून द्यायचं. धरलेला किडा तडफडताना तोंडाला इजा होऊ नये म्हणून त्या मिशा. हे मी तुला वर्गात सांगतात तसं सांगितलं. तू भिंग न काढता म्हणालास की कोल्हापुरात मिशा ठेवायला एवढं कारण कुणाला लागत नाही.

मग तू म्हणालास, ही मेलेली झाली, आता जिती दाखवा.

म्हणून आपण रविवारी सकाळी सायकलींवरून कळंब्याला जायला लागलो. वाटेतल्या तुरुंगाच्या भिंतीजवळून जाताना तू दर वेळी घंटी वाजवायचास. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. कशाला वाजवतोस म्हणून विचारलं तेव्हा म्हणालास, “आतल्याला कळूदे, भाईर रविवार हाय.”

त्या वर्षी तळ्याचं पाणी बरंच मागं गेलं होतं आणि काठाला रेताड चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. माशी तिथंच बसायची, उघड्यावर, पण रंग असा की नजर हलली की हरवायची. मला ती दिसायला महिना लागला होता. तुला पाच मिनिटांत दिसली. आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा शोधलेला माणूस तू. मी उभा राहून शोधायचो, तू पालथा पडायचास. माशी मान वाकडी करून वर बघते, वरून चिलट गेलं की वीतभर उडते, धरते आणि उडाली तिथंच परत येऊन बसते, हे तू पहिल्याच रविवारी मला दाखवलंस. मी ते पुस्तकात वाचलं होतं. वाचलेलं खरं निघालं याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की मी तसं बोलून दाखवलं. तू माझ्याकडे जरा काळजीनं बघितलंस.

जाती ठरवायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात जोडीजोडीनं प्रश्न. मिशी दाट की विरळ? विरळ असेल तर सातव्या प्रश्नाकडे जा. पंखावरची अमुक शीर काठाला पोचते की मधेच संपते? संपत असेल तर अकराव्याकडे जा. मी वाचायचो आणि तू भिंगातून बघून उत्तरं द्यायचास. तुला ती पद्धत फार ओळखीची वाटली. हे पावण्याला विचारल्यासारखंच झालं, म्हणालास. पावणं, गाव कंचं? गडमुडशिंगी? मग कुणापैकी? वरल्या आळीचं का खालच्या?

असं विचारत विचारत आपण प्रजातीपर्यंत, म्हणजे इंग्रजीत जीनस म्हणतात तिथपर्यंत, पोचलो आणि तिथं अडलो. पुढची पायरी जातीची. मी तुला सांगितलं की प्रजाती कळली पण जात कळत नाही.

“जात कळंना म्हंजे वांदाच की,” तू म्हणालास. “मग पावण्याला पानी द्यायचं का न्हाय?”

मी पोट धरून हसलो. तू हसला नव्हतास, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

मी पाच माशा टाचण्यांवर लावून, पेटीत कापूस भरून, लांबच्या एका तज्ज्ञांकडे पाठवल्या. चार महिन्यांनी कार्ड आलं. पाचही माद्या आहेत, नराखेरीज जाती निश्चित करता येत नाही, नर पाठवावा. मी कार्ड घेऊन तुझ्याकडे आलो. तू म्हणालास की ते तर तू पहिल्यापासून सांगत होतास. खायला बसलेली माशी सुस्त असते, माझ्या जाळ्यात तेवढ्याच यायच्या, आणि खायला बसलेल्यांत बायाच जास्त. नर निराळाच. त्याच्या शेपटाच्या टोकाला चांदीचा वर्ख लावल्यासारखी चमक. तो मादीच्या पुढ्यात हवेत तरंगतो, शेपूट दाखवतो, पुढं येतो, मागं सरकतो. ती खात असेल तर जवळ जातो. ती उपाशी असेल तर जात नाही, कारण मग तोच जेवण होतो. हे सगळं तू बघून ठेवलं होतंस. मी तेव्हा पंखावरच्या शिरा मोजत होतो.

मग तू एक नर धरून दे, असं मी म्हणालो. तुझ्या बोटांना ते सहज जमलं असतं. तू साफ नाही म्हणालास. आपलं पहिलं भांडण ते. मी शास्त्राची बाजू मांडली. नाव नसलेल्या प्राण्याविषयी काहीच बोलता येत नाही, बोललं तरी ते कुणाविषयी आहे हे दुसऱ्याला कळत नाही, असं बरंच काही. ते चूक नव्हतं, आजही नाही. तू ऐकून घेतलंस.

“बंद पडल्यालं घड्याळ बगून टायम सांगायचा धंदा तुमचा, मास्तर,” तू म्हणालास. “मला चालतंय त्ये बगू द्या.”

मी स्वतः जाळं घेऊन नराच्या मागे पुष्कळ धावलो. तो वेगळा विषय आहे. नर अजून मिळालेला नाही.

मला वाटतं पाचव्या वर्षाचा हिवाळा होता. तू काड्यापेटी घेऊन आलास आणि बसलेल्या माशीच्या शेजारी वाळूत एक काडी आडवी ठेवलीस, माशीचं अंग ज्या दिशेला होतं त्याच दिशेला. थोड्या वेळानं दुसऱ्या माशीशेजारी दुसरी. जेवायच्या वेळेपर्यंत चिखलात बारक्या काड्यांच्या रांगा झाल्या होत्या. मला वाटलं, तू कंटाळलास आणि खेळतोयस. मग तू मला प्रत्येक काडी कितीला ठेवली ते सांगायला लागलास आणि मीही वाकून बघायला लागलो. सकाळच्या सगळ्या काड्या उन्हाला आडव्या होत्या. माशी सगळी कूस उन्हाला देऊन बसली होती. ऊन चढलं तसतशी ती वळत गेली, आणि दुपारच्या काड्या थेट सूर्याकडे तोंड करून. गारठ्यात जास्तीत जास्त ऊन घ्यायचं, तापलं की कमीत कमी. माशी कुठलीही असो, एका वेळेला सगळ्या एकाच रोखानं. घड्याळाचा काटा फिरावा तशी ती माशी दिवसभर फिरत होती, आणि हे बघायला घड्याळजी लागला. सावलीवरून वेळ सांगणारे पुष्कळ आहेत. तू त्यानंतर माशीवरून सांगायला लागलास. माझ्या घड्याळाशी ती वेळ जुळायची नाही तेव्हा घड्याळ तुझ्याकडे ठेवून जायला सांगायचास.

त्याच हिवाळ्यात माझी आई गेली. दहा दिवस माणसांची रीघ होती आणि प्रत्येक जण मला आत्मा अमर असल्याचं सांगत होता. तू आलास, कोपऱ्यात बसलास, निघताना फक्त विचारलंस की रविवारी येता का. मी आलो. तळ्यावर तू डबा उघडून अर्धी भाकरी आणि खर्डा माझ्यापुढे सरकवलास आणि पालथा पडून माशा बघायला लागलास. खर्डा इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी यायला निमित्त मिळालं. तू वळून बघितलं नाहीस. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. पण ही काही खरी थकबाकी नव्हे. खरी पुढे आहे, आणि मी मघापासून तिच्या भोवती घिरट्या घालतोय.

मंडळाच्या वार्षिकांकासाठी मी लेख लिहिला. ‘कळंबा तलावकाठच्या एका लहान दरोडेखोर माशीच्या सवयी’. नराचं तरंगणं, मादीचं खाणं, आणि शेवटी ते उन्हाचं. लेखाची फार वाहवा झाली. मला शाल आणि नारळ मिळाला. ज्यांनी आयुष्यात माशी हाकलण्यापलीकडे तिच्याशी संबंध ठेवला नव्हता अशा अध्यक्षांनी माझ्या चिकाटीवर वीस मिनिटं भाषण केलं. तू इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला होतास आणि टाळ्या वाजवत होतास. मी व्यासपीठावरून बघत होतो. मी नजर फिरवली. शाल घेतलेल्या माणसाला मान पुन्हा वळवायला अवघड जातं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलो तर अंक तुझ्या पुढ्यात उघडा. तू बोट ठेवून वाचत होतास. ‘दिवसभरात ही माशी सूर्याच्या रोखाने आपली दिशा बदलते, असे आढळून आले.’ तू ते वाक्य मोठ्यानं वाचलंस. मग मान वर केलीस.

“मास्तर, कुणाला आढळलं?”

रागानं नाही. बिघाड कुठं आहे हे गिऱ्हाइकाला विचारतात तसं. मी म्हणालो, शास्त्रीय लेखनाची ती पद्धतच आहे, त्यात कर्ता लिहीत नाहीत. मी पाहिलं, त्यानं पाहिलं, असलं काही नसतं. नुसतं आढळून येतं.

“न्हाय लिवत?” तू पान मागं उलटलंस. “वर तुमचं नाव हाय की.”

त्यावर मी जे बोललो ते लिहायला मला गॅलरीत दोनदा जाऊन यावं लागलं. मी म्हणालो, तुझं नाव घातलं असतं तर लोकांनी शिक्षण विचारलं असतं, आणि मग लेखावरच शंका घेतली असती. हे मी समजुतीच्या सुरात बोललो. तुझ्याच भल्याचं सांगावं तसं.

तू अंक मिटलास. “व्हय, त्ये बी खरं,” म्हणालास, आणि पेल्याखालचं घड्याळ पुढं ओढून भिंग डोळ्यात बसवलंस.

या माशीला दरोडेखोर हे नाव आपल्याकडे कुणी ठेवलं, ठाऊक नाही. बिचारी धरते ते उघड्यावर, भर उन्हात, आणि स्वतःच्या पोटासाठी. तिला शाल कुणी देत नाही.

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. रविवारी माझ्याकडे येणं बंद केलं असतंस तरी चाललं असतं. तू दर रविवारी आलास. घंटी वाजवलीस, डबा आणलास, पालथा पडलास. फक्त सांगणं थांबवलंस. आधी घड्याळांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मराठीत काहीबाही खरडून माझ्या हातात द्यायचास. आता तुझ्या खिशात एक वही आली आणि तू उजवीकडून डावीकडे लिहायला लागलास. मी एकदा म्हणालो, मला वाचता येत नाही रे हे. तू म्हणालास, हात वळतोय तसं लिवतो. काय दिसलं विचारलं तर म्हणायचास, “माशी.”

अकरा वर्षं, दस्तगीर. माफी मागायची वाक्यं मी घरापासून तुरुंगाच्या भिंतीपर्यंत मनात जुळवायचो, आणि पुढं उतार लागायचा. खरं सांगायचं तर त्या अकरा वर्षांत मला आणखीही एक गोष्ट आढळून आली. पहिल्या दिवसापासून मी तुला अरेतुरे करत होतो आणि तू मला अहोजाहो. आपलं वय एक, सायकली सारख्याच गंजलेल्या. मला ते कधी खटकलं नाही. तुला खटकलं असेल तर तू वहीत लिहिलं असशील, असं मला वाटायचं. वही खिशातून बाहेर निघाली की मला घाम फुटायचा. तू माशीकडे बघून लिहायचास आणि मला वाटायचं, माझ्याकडे बघून लिहितोयस.

तू गेल्याचं मला तुझ्या घरून भाभींनी निरोप पाठवल्यावर कळलं. कब्रस्तानात काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. शेजारच्यानं दाखवलं तशी तीन मुठी माती टाकली. तिथं कुणी भाषण केलं नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

परतताना तसाच मंडळाच्या चिटणिसांकडे गेलो. येत्या अंकात दुरुस्ती छापा, म्हणालो. ते निरीक्षण माझं नव्हतं. त्यांनी जुना अंक काढला, वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, यात चूक कुठं आहे? मी म्हणालो, पाहणारा दुसरा होता. ते म्हणाले, पण पाहणाऱ्याचा उल्लेखच नाही, मग दुरुस्ती कशाची करायची? मग त्यांनी विचारलं, मयत मंडळाचे सभासद होते का. नव्हते. वर्गणी भरलेली नसताना नाव छापायचं तर विषय कार्यकारिणीपुढे ठेवावा लागेल, आणि कार्यकारिणीची बैठक दिवाळीनंतर. ते वाईट गृहस्थ नाहीत. हा युक्तिवाद मी अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याआधी केला होता.

म्हणून इथं लिहितो, कर्त्यासकट. कळंब्याची ती माशी दिवसभर सूर्याच्या रोखानं वळते, हे दस्तगीरनं पाहिलं. नर शेपटाची चांदी दाखवत मादीपुढे तरंगतो, हे दस्तगीरनं पाहिलं. मी शेजारी उभा होतो.

चार दिवसांपूर्वी तुझ्या घरी गेलो. भाभींनी चहा दिला आणि वही आणून पुढ्यात ठेवली. मला वाटलं, तू माझ्यासाठी ठेवली असशील. तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, “तसं काय बोलले न्हाईत. पर घरात माशांचं कुणाला काय करायचंय? न्या तुम्हीच.”

वही घेऊन तीन दिवस नुसता फिरत होतो. शेवटी काल उर्दू शाळेतले निवृत्त मुल्लाणी गुरुजी यांच्याकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं नाही, फक्त म्हणालो की यात माझ्याविषयी काही वाईट लिहिलेलं असलं तरी गाळू नका. गुरुजींनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून मराठी करून सांगायला लागले. लेखानंतरचा पहिला रविवार. ‘ढग. माशी एक. बसून होती.’ पुढचा. ‘ऊन बरं. नर दोन.’ पुढचा. ‘वारा. लवकर परतलो.’ पानं उलटत होती. माद्या, नर, चिलटं, एकदा कोळ्याला धरलेली माशी, एकदा नरच धरून बसलेली मादी. अकरा वर्षांचे रविवार, गुरुजी हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचत होते. मी खुर्चीच्या कडेवर. मधेच न राहवून विचारलं, मास्तर असा शब्द कुठं आहे का बघा.

गुरुजींनी बोट जिभेला लावून वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. एकदाच आहे, म्हणाले. मी म्हणालो, वाचा.

‘मास्तर चिखलात बसले. माशा उडाल्या. आज काही दिसलं नाही.’